चौककाकांचा बिदरचा कागद

चौककाका कुणाचंही चित्र नाव विचारल्याशिवाय काढत नसत. समोरचा माणूस चणेवाला असो, नाहीतर देवळाच्या पायरीवर झोपलेला कुणी, काका आधी जवळ जात, पेन्सिल कानावर खोचून हात जोडत आणि म्हणत, "आपलं शुभनाव?" झोपलेला असेल तर उठेपर्यंत थांबत. मी एकदा विचारलं, "काका, चित्राच्या कोपऱ्यातल्या एवढ्याशा माणसाचं नाव कशाला हवं?" तर म्हणाले, "न विचारता माणसाला कागदावर घेणं म्हणजे खिसा कापणं झालं, डॉक्टर." मी डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्ट आहे, हे त्यांना शंभरदा सांगून झालं होतं.

बेलापूरला आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर माझा लहानसा दवाखाना आहे. काका त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकटे राहत. पत्नी वारलेल्या, मुलगी लग्न होऊन बेळगावला. सगळी नोकरी तळोज्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून यंत्रांचे आराखडे काढण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी पाठीला सॅक लावली, बगलेत ड्रॉइंगचा बोर्ड मारला आणि एसटीनं, पॅसेंजरनं जुनी शहरं हिंडायला लागले. शहरात गेले की तिथला जुना चौक गाठायचा आणि दोन-तीन दिवस बसून तो पेन्सिलीनं काढायचा. फक्त चौक. किल्ला नाही, देऊळ नाही, डोंगरामागे बुडणारा सूर्य तर नाहीच. म्हणून सोसायटीनं त्यांचं नाव चौककाका ठेवलं, आणि टपालपेटीवरचं खरं नाव कुरियरवाल्यांपुरतं उरलं.

"चौकच का?" असं कुणी विचारलं की ते खिडकीबाहेर बोट दाखवत. "आपल्याकडे सेक्टर आहेत, सर्कल आहेत, सिग्नल आहेत. काही काम नसताना माणूस उभा राहील अशी जागा कुठेय? इथे नुसता उभा राहिलास तर वॉचमन विचारतो, कुणाकडे जायचंय." हे बोलताना ते मानेला शेक घेत माझ्या टेबलावर पालथे पडलेले असत. खाली मान घालून तासन् तास बसल्यामुळे त्यांची मान कायम धरलेली असे, आणि त्या मानेमुळेच आमची ओळख झाली.

त्यांचा हा नाव विचारण्याचा प्रकार सगळ्यांना पचत नसे. एकदा मी त्यांच्याबरोबर शेजारच्या दिवाळे गावात मासळी घ्यायला गेले होते. काकांनी पाटी घेऊन बसलेल्या एका कोळणीला काढायला घेतलं आणि नाव विचारलं. ती उसळली, "नाव कनाला पायजे तुला? पोलीस हाईस का?" काका शांतपणे म्हणाले, "बोंबील घेताना भाव विचारतो ना मी? मग तुला काढताना नाव नको विचारू?" ती जी हसत सुटली, ती स्वतःचं, नवऱ्याचं, सासऱ्याचं आणि होडीचंसुद्धा नाव सांगून थांबली. काकांनी सगळं चित्राखाली बारीक अक्षरात लिहिलं. नावाखाली त्या माणसाचं एखादं वाक्यही लिहीत. आणि घरी आल्यावर चित्राची झेरॉक्स काढून, ज्याच्या ज्याच्या पत्त्यावर पोचवता येईल त्याला पाठवत. "त्याचा चेहरा आहे. त्याला मिळायला नको?"

इतकं सरळ माणूस होतं ते. म्हणूनच जे झालं त्याचा धक्का मला अजून पुरता ओसरलेला नाही.

प्रदर्शनाची कल्पना माझी. सव्वीस जानेवारीला सोसायटीत झेंडावंदन होतं, मग पोहे, मग चहा. मी कमिटीच्या मागे लागून हॉलच्या भिंतींवर काकांची चाळीस चित्रं लावून घेतली. काकांचं अक्षर फार बारीक, म्हणून प्रत्येक चित्राखाली मी मोठ्या टायपातलं कार्ड लावलं. शहर, चौक, माणसांची नावं. काका आदल्या दिवशी ते बघून म्हणाले, "एवढं मोठं कशाला?" मी म्हटलं, "लोकांना वाचता यायला नको का?"

सगळ्यांत उजवं चित्र होतं बिदरचं. जुन्या बिदर शहरात दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात, तिथे मधोमध एक उंच गोल बुरूज उभा आहे. त्याला चौबारा म्हणतात. शेकडो वर्षांपासून तो तसाच उभा आणि त्याच्याभोवती शहर गरगरतंय. काकांनी बुरुजाच्या तळाचे कोनाडे काढले होते, वरच्या विजेच्या तारा काढल्या होत्या, एक गाय, तीन स्कूटर, एक चहाची टपरी. आणि टपरीशेजारी शिलाई मशीनवर बसलेली एक बाई. ताठ बसलेली, एक हात चाकावर, नजर थेट बघणाऱ्याकडे. खाली लिहिलं होतं, "वंदना. म्हणाली, सरळ बसलेली काढा, रोज वाकून वाकून कंटाळा आला."

सी विंगमधला बालाजी पोह्यांची प्लेट घेऊन त्या चित्रासमोर आला. हा मूळचा उदगीरकडचा, तळोज्याला केमिकल कंपनीत ऑपरेटर, कुणाच्याही घरचा गॅस सिलिंडर न सांगता वर नेऊन देणारा. मी शेजारीच उभी होते. तो चित्राच्या अगदी जवळ गेला, मागे आला, परत जवळ गेला. माझं कार्ड त्यानं मोठ्यानं वाचलं, "बिदर. चौबारा. वंदना." त्याच्या हातातली प्लेट तिरकी झाली आणि पोहे त्याच्याच पायावर सांडले.

"ताई," तो म्हणाला, "ही तर मेलेली हाय."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"आमच्या मामेभावाची बायको हाय ही. सात वर्सं झाले. मांजरा नदीत उडी मारली म्हनले. काठावर चपला घावल्या, बॉडी घावली नाई. मी सोता तेरावं जेवून आलाव, ताई."

मी काही बोलायच्या आत त्यानं चित्राचा फोटो काढला, पाठवला आणि फोनही लावला. त्याचा चेहरा उजळला होता. "भाऊ, वहिनी जित्ती हाय! फोटू बघा की!" मग तो ऐकत राहिला. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरत गेला. त्यानं दोन-तीन शब्द सांगितले आणि फोन खाली केला.

"काय म्हणाले?"

"काईच नाई. कोन रडलं नाई, कोन हासलं नाई. निस्तं म्हनले, चौकाचं नाव सांग." तो माझ्याकडे बघतच राहिला. "ताई, म्या सांगितलं."

तोवर काका पलीकडच्या भिंतीपासून आले होते. मी त्यांना चार वाक्यांत सगळं सांगितलं. ते चित्राकडे बघत उभे राहिले. मग पेन्सिलीच्या मागच्या टोकानं त्यांनी त्या बाईच्या डाव्या हाताकडे दाखवलं. कोपरापासून मनगटापर्यंत बारीक बारीक गडद ठिपके होते. ते चित्र मी वीस वेळा पाहिलं होतं. मला ती सावली वाटली होती.

"भाजल्याचे डाग आहेत," काका म्हणाले. "मी पाहिले, म्हणून काढले. नाव विचारलं, या डागांचं विचारलं नाही." त्यांचा आवाज एकदम कोरडा झाला. "ती पळून आलेली आहे, डॉक्टर. आणि मी तिचा पत्ता भिंतीला टांगला."

मोठ्या अक्षरातलं कार्ड मी लावलं होतं, हे ते बोलले नाहीत. कधीच बोलले नाहीत.

बालाजी म्हणाला, मामेभावाच्या गावाहून बिदर जेमतेम दीड तास. आम्ही बेलापुरात, सहाशे किलोमीटरवर. काकांनी मात्र खिशातून वही काढली. चौबाऱ्याच्या टपरीवाल्याला, बसवराजला, त्यांनी झेरॉक्स पाठवली होती आणि ती पोचली का हे विचारायला नंबर घेतला होता. हॉलमध्ये देशभक्तिपर गाणी चालू होती. काकांनी एका कानात बोट घालून फोन लावला.

"अण्णा, मैं मुंबईवाला, पेन्सिलवाला."

"हाँ अण्णा, फोटू पहुँच गया ना मेरा! दुकान में लगाया."

"वो मशीनवाली वंदना है क्या वहाँ?"

"अक्का? है ना, सामनेच बैठी है."

"उसको उठाव. अब्भी के अब्भी. तुम्हारे घर भेजो, बहन के घर भेजो, किधर भी, पर चौक से हटाव. उसके ससुराल के लोग आ रहे हैं. गलती मेरी है."

मग बसवराज एवढंच म्हणाला, "समझ गया," आणि फोन कटला.

आम्ही बालाजीच्या गाडीनं निघालो. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तोच किल्ली घेऊन खाली उभा होता. मी यायचं कारण कुणी विचारलं नाही, मीही स्वतःला विचारलं नाही. काकांनी बिदरचा कागद भिंतीवरून काढून बोर्डाला लावून मांडीवर घेतला होता. घाट चढताना बालाजी एकदम रडायला लागला. "आनंदाची बातमी म्हनून सांगितलो हो मी." काका म्हणाले, "गाडी बाजूला घे, तोंड धू, मग चालव."

इंदापूरच्या अलीकडे बसवराजचा फोन आला. तीन जण जीपनं येऊन गेले होते. चौकातल्या एकाही दुकानदारानं तोंड उघडलं नव्हतं. मशीनवर अर्धवट शिवलेला ब्लाउज तसाच होता. जाताना त्यांनी मशीन उचलून रस्त्यावर आपटलं. "अक्का ठीक है," तो म्हणाला. "लेकिन रो रही है, मशीन के लिए." काकांनी डोळे मिटून घेतले.

सोलापूरला मुक्काम करून पहाटे निघालो आणि सकाळी बिदरला पोचलो. बसवराजच्या बहिणीचं घर चौबाऱ्यामागच्या गल्लीत होतं. आतल्या खोलीत वंदना भिंतीला टेकून बसली होती. चित्रातल्यापेक्षा लहानखुरी. काकांना बघून उठली नाही.

"मामा, नाव सांगितलं ते तुमी लांबचे म्हनून," ती म्हणाली. "इथं समदे अक्का म्हनतेत. सात वर्सांत माझं नाव कोनी इचारलं नव्हतं. तुमी इचारलं, म्हनून सांगितलं."

काकांनी हात जोडले. मग बालाजी दारातून पुढे झाला आणि तिनं त्याला ओळखलं. ती झटकन उभी राहिली, भिंतीला चिकटली. बालाजी तिथेच जमिनीवर बसला आणि म्हणाला, "वहिनी, मला मारा, पन भिऊ नका. समद्यांनी सांगितलं तुमी नदीत गेलाव. मी तुमचं तेरावं जेवलाव."

तिला ते कळायला वेळ लागला. "कोनाचं तेरावं?"

"तुमचंच. वर्साच्या आत भाऊनं दुसरं लगीन केलं."

मी आयुष्यात बरीच माणसं वेदनेत पाहिली आहेत, तो माझा धंदाच आहे. पण त्या बाईच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते मी पूर्वी पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "नदी उतरून पल्याड आले मी. एक चप्पल गाळात अडकली, दुसरी काडून फेकली. तवापासून रोज जीप दिसली की शटरामागं जायचे. सनाला गेले नाई, लग्नाला गेले नाई." ती आमच्याकडे एकेकाकडे बघत राहिली. "म्हंजे मला कोनी हुडकतच नव्हतं?"

काकांनी बोर्डाची क्लिप काढली, कागद तिच्यासमोर जमिनीवर ठेवला आणि खिशातून खोडरबर काढलं. "तुला यातून काढून टाकतो, बाई. चौक राहील, तू राहणार नाहीस. माझ्या हातून एवढं तरी होऊ दे."

तिनं त्यांचं मनगट धरलं. "पुसू नका. एकदा पुसून झालंय माझं."

ते खोडरबर काकांच्या हातातच राहिलं.

मग तिनं विचारलं, "आईला काय सांगितलं?" बालाजीनं मान खाली घातली. आईलाही तेच सांगितलं होतं. तिचं माहेर निलंग्याकडे. बालाजीनं दोन-तीन फोन करून नंबर मिळवला. वंदनानं फोन कानाला लावला आणि म्हणाली, "आई, मी. वंदी." पलीकडून एक म्हातारा आवाज ओरडला, "कोन मुडदा थट्टा करायलाय?" आणि फोन बंद. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा कुणी उचलला नाही.

"चला," काका म्हणाले. "फोनवर होण्यासारखं काम नाही हे."

आधी आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. बसवराज बरोबर आला, टपरी बंद ठेवून. वंदनानं स्वतःच्या हातानं अर्ज लिहिला. पहिलं वाक्य होतं, मी जिवंत आहे. पुढे हातावरच्या डागांचं, सासरचं, काल मशीन फोडल्याचं. लिहून झाल्यावर तिनं ते वाक्य पुन्हा वाचलं आणि खाली पूर्ण नाव घातलं.

दुपारी तिच्या माहेरच्या गावी पोचलो. आई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. गाडीचं दार उघडलं, वंदना उतरली. म्हातारीनं आधी चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. तिनं लेकीच्या पायांकडे पाहिलं, पावलं सरळ आहेत का ते. बराच वेळ पाहिलं. मग उठली, जवळ आली आणि खाडकन एक थोबाडीत मारली. "सात वर्सं! एक कागूद धाडला नाईस!" आणि मग तिचा सगळा भार लेकीवर आला. वंदनानं तिला धरलं, पण तिलाही धरवेना, दोघी खाली बसल्या. शेंगांचं सूप कलंडलं.

मी मागे वळले तर काका गाडीच्या पलीकडे, आमच्याकडे पाठ करून उभे होते. आयुष्यभर माणसं बघत हिंडलेला हा माणूस. पण त्या अंगणाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मी जवळ गेले तेव्हा म्हणाले, "हे माझ्यासाठी नाही, डॉक्टर."

पुढचं तसं साधं आहे. अर्ज झाल्यावर आणि पहिली बायको जिवंत असताना केलेल्या दुसऱ्या लग्नाचा विषय निघाल्यावर सासरचे गप्प झाले. केस अजून चालू आहे. बालाजी तारखेला साक्षीसाठी जातो आणि त्यामुळे त्याच्या मामाच्या घराचं दार त्याला बंद झालं आहे. वंदना माहेरी राहिली नाही. आईला घेऊन बिदरलाच परतली. चौकातल्या दुकानदारांनी मिळून तिला दुसरं मशीन आणून दिलं. आता जीप आली तरी ती जागची हलत नाही, असं बसवराज सांगतो.

काका मात्र सात-आठ महिने कुठे गेले नाहीत. बोर्ड कपाटावर टाकून दिला. शेक घ्यायला येत, पालथे पडत, बोलत नसत. एकदा मीच म्हटलं, "काका, त्या चित्रामुळे तिला आई मिळाली." ते म्हणाले, "आणि बसवराजनं फोन उचलला नसता तर? गिऱ्हाईक असतं समोर, तर?" मी शेकाची पिशवी सरकवली. "चाळीस वर्षं रेषा काढल्या. एक रेघ चुकली तर मशीनचा पार्ट वाया जायचा, हे माहीत होतं. माणूस वाया जाईल, हे कुणी शिकवलं नव्हतं."

पावसाळ्यानंतर ते पुन्हा निघाले. आता ते दोन प्रश्न विचारत. नाव सांगायचं का, आणि हे चित्र चारचौघांना दाखवू का? काही जण नाही म्हणत. त्यांची चित्रं काका त्यांनाच देऊन येत, झेरॉक्ससुद्धा न ठेवता. चांगली चांगली चित्रं अशी गेली. मी हळहळले की म्हणत, "त्यांची होती, त्यांना दिली."

गेल्या मार्चमध्ये एका सकाळी ते माझ्याकडे आले, शेक घेतला, महिन्याअखेरीस बऱ्हाणपूरला जायचंय म्हणाले, माझ्या टेबलाचा एक पाय डुगडुगतो म्हणून त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली आणि वर गेले. दुपारी एक वाजता वॉचमन धावत आला. काका जिन्यात बसले होते. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. मी पाठीची, मानेची, गुडघ्यांची माणसं बरी करते. छातीचं मला काही करता आलं नाही. दोन तासांपूर्वी माझ्या हाताखाली असलेली ती मान माझ्या हातात सैल पडली. मुलगी बेळगावहून पोचायला अर्धी रात्र झाली.

दुसऱ्या दिवशी मी वंदनाला फोन केला. मागे मशीन चालू होतं. मी म्हटलं, "वंदना, काका गेले. काल दुपारी." मशीन थांबलं. चौकातले हॉर्न तेवढे ऐकू येत होते, कुणीतरी चहा सांगत होतं.

मग तिनं विचारलं, "जवळ कोन होतं?"

"मी होते."

"शेवटपर्यंत?"

"हो."

"मग ठीक," ती म्हणाली.

मग मशीन हळूहळू सुरू झालं. तिनं फोन ठेवला नव्हता. मीही ठेवला नाही.